महिन्याला इंचभर

चिचटोला, अर्जुनी मोरगाव
९ फेब्रुवारी १९५६

खेमराज,

बसून वाच. तुझे भाऊजी गेल्या आठवड्यात शंकरपटात पडले. जीव वाचला. उजवा हात गेल्यासारखा आहे.

जोडी चांगली पळत होती. निशाणाच्या अलीकडे छकड्याचं चाक उडालं आणि हे खांद्यावर आपटले. मान एकीकडे गेली, खांदा दुसरीकडे. कासरा मनगटाला गुंडाळलेला होता. गुंडाळू नये म्हणतात, पण सगळेच गुंडाळतात. बैल थांबले नाहीत. निशाणापर्यंत यांना ओढत घेऊन गेले. लोकांनी आधी जोडी जिंकली म्हणून आरडाओरड केली, मग धावले.

हाडं बसवणारा आला. त्यानं काखेत पाय देऊन हात ओढला आणि खांदा बसला म्हणाला. पण हात वर होत नाही, कोपरात वाकत नाही. बोटं हालत नाहीत. चिमटा घेतला तर कळत नाही. आणि ज्या हाताला काही कळत नाही तो दिवसभर जळतो म्हणतात. निखाऱ्यात धरल्यासारखा. तोंडातून आवाज काढत नाहीत, पण भिंतीला डोकं लावून बसतात. उजव्या डोळ्याची पापणीही थोडी खाली आली आहे. ती आधी तशी नव्हती. सासूबाई म्हणतात नजर लागली, जोडीला लागायची ती माणसाला लागली.

तू आता शेवटच्या वर्षाला आहेस, दवाखान्यात रोज असे लोक पाहत असशील. मी लिहायला बसले तर हे म्हणाले, "खेमराजले लिव, मिरगाच्या आधी औत धरता आलं पायजे. बाकी काई इचारू नोको."

म्हणून बाकी काही विचारत नाही.

यशोदा

नागपूर
१७ फेब्रुवारी १९५६

बाई,

पत्र पोचलं. पहिली गोष्ट, यापुढे कोणालाही हात ओढू देऊ नकोस. सांधा निखळलेला नव्हता. खांद्याच्या हाडाचा यात दोष नाही.

मानेच्या मणक्यातून पाच जाड नसा निघतात, गळ्याजवळच्या हाडाखालून एकमेकींत गुंफतात आणि हातात उतरतात. हात हालतो तो त्यांच्यामुळे, हाताला कळतं तेही त्यांच्यामुळेच. मान आणि खांदा एकदम उलट दिशांना ओढले गेले की या नसा ताणतात. किती ताणल्या त्यावर पुढचं सगळं. नुसत्या दबल्या असतील तर काही आठवड्यांत हालचाल येते. आतले धागे तुटले पण वरचं वेष्टन शाबूत राहिलं, तर नस वरून खाली पुन्हा वाढते. महिन्याला साधारण इंचभर. त्याहून जास्त इजा असेल तर ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

तोवर हात गळ्यात झोळी करून ठेवा. लोंबू देऊ नका, त्याच्या वजनानं खांदा खाली ओढतो. बोटं, मनगट, कोपर तू रोज दोन वेळा हळू वाकवून सरळ करत जा, नाहीतर सांधे आखडतील. शेक देऊ नका. त्या हाताला गरम कळत नाही हे विसरू नका.

पापणीचं लिहिलंस ते बरं केलंस. मे महिन्यात त्यांना घेऊन ये. आमच्याकडे विलायतेहून शिकून आलेले एक सर्जन आहेत, ते नसांचंच पाहतात.

खेमराज

चिचटोला
२२ एप्रिल १९५६

खेमराज,

शेक देऊ नका हे तू लिहिलंस ते मी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. तरी त्यांनी मोहाच्या टोळीचं तेल तापवून लावलं. मी शेतात होते. परत आले तर दंडावर फोड, आणि हे शांतपणे विचारतात, "काऊन, का झालं?" आता बरं आहे. खपली धरली आहे. तुझं पत्र त्यानंतर मी घरात मोठ्यानं वाचलं, पूर्ण.

इंचाचं यांच्या मनात बसलं आहे. मापायला सुतार बोलावला होता. खांद्यापासून बोटापर्यंत किती इंच होतात ते काढलं आणि म्हणाले, पुढचा मिरग नाही, त्याच्या पुढचा. मग गोंदणारी गावात आली. यांनी तिला खांद्यापासून खाली एकेक इंचावर ठिपका गोंदायला लावला. ती म्हणाली, मर्दमाणसाच्या हातावर एवढं गोंदण मी जन्मात केलं नाही. वरचा ठिपका यांना लागला. त्याखाली सुई गेली तर हे हाललेच नाहीत. ती घाबरली. "बापा, याले दुखत कसा नाई?" हे म्हणाले, "दुखनं मांगून येऊन रायलं. रस्त्यात हाय."

बायका हसल्या. मीही हसले. पटानंतर हे पहिल्यांदाच असं बोलले.

आता एक विचारायचं आहे. आपल्या तलावाचा पाणकर म्हातारा गेला. केशोराव घरी येऊन बसले. मालगुजारी गेली तरी पाण्याचं गाव त्यांनाच विचारतं, तुला माहीत आहे. म्हणाले, "दुधराम, पाणकराचं काम तू घे. पानी सोडाचा तुडूम उचलाले मानूस देऊ. कोनाच्या धानाच्या बांधीत किती पानी गेलं ते पाहाले डोळे लागतात, हात नाई." काम इमानाचं आहे, घरटी धान मिळतं. पण हे म्हणाले, "ते म्हाताऱ्याचं काम. मी औतावालाच मानूस." केशोराव चिडले नाहीत. मिरगाच्या आधी तलावाच्या पाळीवर नारळ फुटतो तोवर सांगा म्हणाले. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल, आणि ज्याला जाते त्याच्या मरणापर्यंत जाते.

मला वाटतं, घ्यावं. यांना वाटतं, घेतलं म्हणजे हात गेला हे कबूल केलं. नागपूरला आलो की तुझे सर काय म्हणतात त्यावर ठरवू.

यशोदा

चिचटोला
२९ मे १९५६

खेमराज,

सुखरूप पोचलो. गोंदियाला छोटी गाडी उशिरा सुटली. अर्जुनीला बैलगाडी आली होती.

घरात सण आल्यासारखं झालं. मी सगळ्यांना तेच सांगते. तुझ्या सरांनी यांच्या मेलेल्या हातावर औषधाचा थेंब ठेवला, वरून सुई टोचली आणि आम्ही सगळे पाहत राहिलो. आधी काही नाही. मग गांध आली आणि तिच्याभोवती लाल कडं उमटलं. रुपयाएवढं. सरांनी बाकीच्या पोरांनाही बोलावून दाखवलं. ते काय बोलले ते इंग्रजीत होतं, पण बोट त्या कड्यावर होतं. यांनी मला खुणेनं दाखवलं. त्या हातात रक्त धावलं, खेमराज. मी डोळ्यांनी पाहिलं.

सासूबाईंनी तो हात आरतीसारखा पुढे धरून शेजारच्या बायकांना दाखवला. कडं आता गेलं आहे, तरी बायका येतात आणि जागा पाहून जातात.

तू स्टेशनवर बोलत नव्हतास. परीक्षेचं मनात असेल म्हणून मी विचारलं नाही. तू फक्त भाऊजींची झोळी पुन्हा बांधून दिलीस.

केशोरावांना नाही म्हणावं असं ठरत आहे. हात येणार असेल तर जन्माचं पाणी कोणी घ्यावं? तरीही तुला विचारते. नाही म्हणू का? मिरगाच्या आधी उत्तर टाक. उत्तर आलं नाही तर आमचं बरोबर आहे असं समजेन.

यशोदा

नागपूर
६ जून १९५६

बाई,

पत्राला उशीर झाला, वॉर्डात काम फार होतं. तुम्ही नीट पोचलात हे बरं झालं. नसांच्या बाबतीत घाई करता येत नाही. हाताला जपा, सांधे हालते ठेवा, विस्तवापासून दूर ठेवा. सरांचं म्हणणं सविस्तर लिहीन. पाणकराच्या कामाबद्दल माझं मत विचारशील तर ते हातचं सोडू नये. काम वाईट नाही. बाकी भाऊजींना पटेल तसं.

खेमराज

नागपूर
६ जून १९५६

केशोरावजी यांस,

मी यशोदाबाईचा धाकटा भाऊ. आपण मला ओळखता. हे पत्र आपल्याजवळच ठेवावं.

भाऊजींचा हात परत येणार नाही. महिन्यानं नाही, वर्षानं नाही. नसा मधे तुटलेल्या नाहीत, मणक्यातून मुळासकट उपटल्या आहेत. पापणी खाली आली तेव्हाच मला शंका आली होती. मे महिन्यात तपासणी झाली. कातडीवर औषध टोचलं की जिवंत नसेमुळे त्याभोवती लाल कडं येतं. नस वाटेत तुटली असती तर तिचा खालचा भाग एव्हाना वाळला असता, आणि कडं उमटलं नसतं. मग आशा होती, कारण वाटेत तुटलेली नस कधी कधी वाढते. कडं उमटलं याचा अर्थ खालची नस जशीच्या तशी आहे आणि तिचं मूळ वर मणक्यात तुटलं आहे. ते कडं उमटायला नको होतं. घरात त्याचाच आनंद चालू आहे असं बाईचं पत्र आलं.

सर म्हणाले, हात दंडातून कापावा आणि खांदा पक्का करावा, म्हणजे उरलेल्या भागाचा काही उपयोग होईल. लवकर करावं, डाव्या हाताची सवय लागून माणूस याला विसरण्याच्या आत. मला म्हणाले, तुझे नातेवाईक आहेत, तूच त्यांना त्यांच्या भाषेत सांग. स्टेशनवर सांगणार होतो. बाईच्या अंगावर मी कधी न पाहिलेली नवी चोळी होती.

पाणकराची जागा भाऊजींसाठी ठेवावी. बाई नाही म्हणाली तरी ठेवावी, एवढीच विनंती. कारण तिला कळू देऊ नये.

खेमराज

चिचटोला
१९ जून १९५६

खेमराज बापू,

तुमचं पत्र मिरग लागल्यावर आलं. नारळ फुटला होता. तुमची बहीण स्वतः पाळीवर आली, चार मानसांत बोलली, आमचा हात येऊन रायला, काम दुसऱ्याले द्या. लोकांनी तिचं कौतुक केलं. उदारामले काम दिलं. आता उदाराम जिवंत हाय तोवर त्याच्याकडून काढता येत नाई. पानी देवाचं काम हाय, पोराचं लगन नाई का मोडलं आनि दुसरीकडे जमवलं.

तुमचं तिले लिहिलेलं पत्र मिरगाच्या दोन दिवसांनी आलं असं ती म्हने. त्यात साफ काईच नव्हतं असंही म्हने. मले लिहिता आलं तर तिले काऊन लिहिता आलं नाई? मी तुमचा कोन? तिच्या घरचा हात हाय.

आनखी एक. मुळासकट उपटलं म्हनता. धानाचे परे आमी मुळासकटच उपटतो आनि दुसऱ्या बांधीत रोवतो. ते लागतात. नस कायले लागत नाई, हे तुमच्या सरले इचारून ठेवा. दुधरामनं उद्या मले इचारलं तर मी का सांगू?

बाईले मी बोलनार नाई. ते तुमचं काम.

केशोराव

चिचटोला
३० नोव्हेंबर १९५६

खेमराज,

सरांचं म्हणणं सविस्तर लिहीन म्हणाला होतास. धान कापून झाले. अजून आलं नाही.

बांध्या यंदा अधबटाईनं दिल्या होत्या. रोवणीत मी स्वतः परे लावले, शिवाय दुसऱ्यांच्या बांधीतही गेले. हे पाळीवर बसून असत. उदाराम तिथूनच पाणी सोडतो. यांना पाहून तो दुसऱ्या बाजूनं फिरून जातो.

यांचं म्हणणं, तिसऱ्या ठिपक्यापर्यंत कळायला लागलं. मग चौथ्या. घरात मोजणी चालायची, सासूबाई साखर वाटायच्या.

मागच्या महिन्यात एका सकाळी उठले तर चटईवर रक्त होतं. झोपेत उंदरानं यांची करंगळी कुरतडली होती. नख नव्हतं. मी ओरडले तर हे म्हणाले, "लागलं होतं. पन कोन उठते." मी हळद भरली, फडकं बांधलं. बांधताना माझ्या मनात आलं, की उंदीर चावलेला लागतो आणि माणूस उठत नाही असं कसं होईल.

त्या दिवशी दुपारी मी यांच्या डोळ्यांवर पदर धरला. सुई घेतली. चौथा ठिपका, म्हणाले लागली. पाचवा, म्हणाले थोडी लागली. मग मी सुई हवेतच धरली, हातापासून लांब. विचारलं, आता? म्हणाले, "हो. लागली."

मी पदर काढला नाही. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

हे मला फसवत नाहीत, खेमराज. मला बरं वाटावं म्हणून ते हे करत असतात. मी त्यांना बरं वाटावं म्हणून मोजत असते. तू काय करतोस ते मला माहीत नाही.

दुखणं तसंच आहे. झटका येतो तेव्हा डाव्या हातानं उजव्या हाताला मारतात. लहान मुलाला मारावं तसं.

ते कडं कशाचं होतं?

यशोदा

चिचटोला
२८ जुलै १९५७

खेमराज,

गोळ्यांचं पार्सल आलं. आत पत्र नव्हतं. मी कागद झटकून पाहिला.

गोळ्यांनी झोप येते, दुखणं जात नाही. झोपेतही हात दुखतो म्हणतात. आता हे साफ बोलतात की हात तोडायचा. चार दिवसांपूर्वी कुऱ्हाड घेऊन गोठ्यात गेले. डावा हात आहे, वजन सावरलं नाही, खुंटावर नीट धरता आलं नाही. मी गेले तेव्हा कुऱ्हाड खाली पडली होती आणि हे गव्हाणीवर बसून हसत होते. म्हणाले, "तोडाले बी उजवाच हात लागते." कुऱ्हाड आता केशोरावांच्या घरी ठेवली आहे.

ती ठेवायला गेले तेव्हा मी केशोरावांना विचारलं, यांच्या हाताचं तुम्हाला काही माहीत आहे का. ते खोटं बोलत नाहीत. मग आत जाऊन तुझं पत्र घेऊन आले. मी ते पाळीवर बसून वाचलं आणि परत दिलं. त्या पत्राबद्दल मला काही लिहायचं नाही. नवी चोळी मी त्या प्रवासासाठीच शिवली होती.

आता एकच विचारते. हात कापला तर दुखणं जातं का? जात असेल तर मी यांना उद्या गाडीत घालून आणते, सासूबाई काही म्हणोत. जात नसेल तर मला तेही यांना सांगायचं आहे, कारण त्या आशेवरच हे सध्या दिवस काढतात.

हो लिही नाहीतर नाही लिही. शब्द वर लिही, पहिल्या ओळीत. बाकी खाली.

यशोदा

नागपूर
४ ऑगस्ट १९५७

बाई,

नाही.

दुखणं हातात नाही. जिथून मुळं उपटली तिथे, मणक्याच्या आत आहे. हात कापला तर ओझं कमी होतं, जखमा टळतात, खांदा ओढला जात नाही. दुखणं राहतं. ज्यांचे हात कापले त्यांना नसलेला हात दुखतो. मी अशी दोन माणसं पाहिली. एकानं मला नसलेल्या हाताची मूठ उघडायला सांगितली.

मणक्यात मूळ परत लावता येत नाही. केशोरावांनी विचारलं होतं ते मी सरांना विचारलं. ते म्हणाले, रोपाला माती घेते. मणका घेत नाही. का घेत नाही हे कोणालाच माहीत नाही. त्यांना माहीत नाही असं त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं.

आता करायचं ते असं. हात झोळीत, झोपताना कापडात गुंडाळून, वर जाळीचं काही. रोज संध्याकाळी बोटं, तळवा, कोपर उजेडात पाहायचं, काही कापलं भाजलं का ते, कारण तो हात सांगणार नाही. सांधे हालवणं थांबलं असेल तर पुन्हा सुरू कर. गोळ्या रोज नाहीत, फार झालं तरच. डाव्या हातानं जेवणं, दाढी, सही, सगळं. कुऱ्हाड तिकडेच राहू दे.

आणि एक. या दुखण्यावर औषधापेक्षा दुसरी एकच गोष्ट थोडी चालते असं सर म्हणतात. काम. मन आणि डोळे पूर्ण गुंतले की झटके कमी येतात. रिकामं बसलं की वाढतात. तिकडे विलायतेत अशा माणसांना खाटेवर ठेवत नाहीत, पहिल्या महिन्यातच कामाला लावतात. हे ते गेल्या वर्षी मे महिन्यातही म्हणाले होते.

पाणकराच्या जागेचं काही होण्यासारखं आहे का? उदाराम सोडेल का?

खेमराज

चिचटोला
२० सप्टेंबर १९५७

खेमराज,

तुझं पत्र मी यांना पूर्ण वाचून दाखवलं. पहिला शब्दही. सासूबाई होत्या, त्यांना मी बाहेर जा म्हटलं नाही.

हे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एवढं लिवाले दीड वर्स?" मग म्हणाले, "वाच, तो मूठवाला." मी तेवढं पुन्हा वाचलं. म्हणाले, "खरं हाय त्याचं. मूठ मिटली हाय. उघडत नाई." त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक सरळ केली आणि मला विचारलं, "उघडली?" मी म्हटलं, उघडली. म्हणाले, "मले नाई वाटत."

सुई मी पेटीत ठेवली आहे. मोजणी बंद केली. सासूबाईंनी एकदा विचारलं, कितवा ठिपका. यांनीच सांगितलं, "रस्ता बंद हाय, माय."

तू विचारलंस ते. उदाराम पाणकर आहे. त्याचे दोन्ही हात चांगले आहेत. मी केशोरावांकडे गेले नाही. मी चार माणसांत नाही म्हटलं, आता मागायला जाणार नाही, आणि उदारामच्या घरी पाच माणसं खातात.

पण पत्र वाचल्यापासून हे सकाळी पाळीवर जातात आणि उदारामच्या मागे चालतात. तो तुडूम उचलतो, हे पाहतात. तो बांधीबांधीनं फिरतो, हे चार पावलं मागे. पहिल्या दिवशी उदारामनं वळून म्हटलं, "दुधरामभाऊ, माझं का चुकते का?" हे म्हणाले, "नाई. तू चाल." आता तो विचारत नाही. पोरं हसतात. एका पोरानं हात लोंबता ठेवून यांच्या मागे चालून दाखवलं. यांनी पाहिलं आणि पुढे गेले. मोबदला काही नाही. उदारामनं एकदा सूपभर धान पाठवलं, ते मी परत केलं.

तुझ्या सरांचं बरोबर आहे. पाण्यामागे असतात तोवर भिंतीला डोकं लावत नाहीत. पुढल्या बांधीत पाणी कमी पोचलं तर यांच्या ते उदारामच्या आधी लक्षात येतं. तो म्हणतो तसं. घरी आले की सुरू होतं.

हात मी रोज संध्याकाळी उजेडात पाहते. काल तळव्यात काटा होता, काढला.

कार्तिकात तुडूम बंद होतो. मग पुढल्या आषाढापर्यंत पाळीवर कोणी जात नाही. त्या महिन्यांचं काय करायचं ते सरांना विचार आणि लिही. माहीत नसेल तर नाही म्हणून लिही.

यशोदा